कुलाब्याच्या चुंबकालेखांतून वादळ वाचताना : माझा अनुभव

अलिबागमध्ये वाढलेल्या प्रत्येकाला तिथली चुंबकीय वेधशाळा ठाऊक असते. ती मुंबईहून इथे का आली, हे मात्र मला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रकल्पाचा विषय ठरवताना कळले. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेतल्या जात होत्या. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम धावणार हे ठरले, तेव्हा रुळांतून जमिनीत उतरणाऱ्या प्रवाहामुळे या नोंदी बिघडतील हे उघड होते. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागची वेधशाळा उभी राहिली, १९०४ मध्ये तिथे काम सुरू झाले आणि मालिका तुटू नये म्हणून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या. दोन वर्षे दुप्पट काम करण्याचा तो निर्णय मला आजही फार मोठा वाटतो, कारण त्या जोडाशिवाय कुलाब्याचे आकडे आणि अलिबागचे आकडे एका सलग मालिकेत कधीच बसले नसते.

प्रकल्पाच्या मार्गदर्शक सरांनी माझ्याकडे दिलेले काम ऐकायला सोपे होते. कुलाब्याच्या जुन्या चुंबकालेखांच्या, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातले बदल कागदावर उमटलेल्या आलेखांच्या, प्रतिमांवरून मोठ्या चुंबकीय वादळांच्या दिवसांचे आकडे काढायचे आणि ते आजच्या नोंदींशेजारी ठेवता येतील अशा रूपात आणायचे. सूर्यावरून सुटलेला आयनद्रायूचा (प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूचा) लोट पृथ्वीच्या चुंबकीय आवरणावर आदळतो, त्यानंतर पृथ्वीभोवती हजारो किलोमीटर उंचीवरचा वलयप्रवाह बळावतो आणि विषुववृत्ताच्या आसपासच्या प्रदेशांत चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक घटतो. ही घट किती खोल जाते यावरून वादळाची तीव्रता ठरवतात. त्यासाठी आज वापरला जाणारा डीएसटी निर्देशांक १९५७ पासूनच उपलब्ध आहे आणि अतितीव्र वादळे तर शतकात मोजकीच येतात. म्हणून जुन्या कागदांकडे वळावे लागते. कुलाब्याचे अक्षांश या कामाला फार सोयीचे आहेत, कारण विषुववृत्तीय विद्युतझोत (वरच्या वातावरणात विषुववृत्तालगत वाहणारा प्रवाह) तिथून बराच दक्षिणेला राहतो आणि ध्रुवीय प्रकाशाचे पट्टे तर कितीतरी उत्तरेला, त्यामुळे वलयप्रवाहाच्या नोंदीत त्यांची फारशी सरमिसळ होत नाही. सप्टेंबर १८५९ च्या प्रसिद्ध वादळात याच वेधशाळेने सुमारे १६०० नॅनोटेस्लांची (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) घट नोंदवली होती. मे २०२४ मध्ये लडाखमधल्या हानले येथून लाल आकाशाची छायाचित्रे घेतली गेली, त्या वादळाचा डीएसटी निर्देशांक उणे ४०० नॅनोटेस्लांच्या आसपास होता. या दोन आकड्यांमधले अंतर पाहिले की त्या कागदांचे मोल कळते.

१८५९ च्या नोंदी निरीक्षकांनी दुर्बिणीतून पट्टीवरचे आकडे वाचून हाताने लिहिलेल्या आहेत. छायाचित्रित नोंदी १८७० च्या दशकात सुरू झाल्या आणि माझे काम त्यांच्यावर होते. टांगलेल्या चुंबकाला छोटा आरसा जोडलेला, त्यावर दिव्याचा किरण पडतो आणि परावर्तित ठिपका घड्याळाच्या यंत्रावर सावकाश फिरणाऱ्या नळकांड्यावरील प्रकाशसंवेदी कागदावर रेघ उमटवत जातो. दुसऱ्या, स्थिर आरशावरून पडलेला ठिपका सरळ आधाररेषा काढतो. वक्ररेषा आणि आधाररेषा यांच्यातले अंतर मोजून, एका मिलिमीटरला किती नॅनोटेस्ला या मापाने गुणून, आधाररेषेच्या मूल्यात मिळवले की त्या क्षणाचे क्षेत्र मिळते. एवढ्याने काम भागेल अशी माझी समजूत होती.

पहिले तीन आठवडे मी आज्ञावलीला रेघ आपोआप शोधू दिली. शांत दिवसांच्या पानांवर ती छान चालली. वादळाच्या पानावर मात्र वक्ररेषा खाली येऊन आधाररेषेला छेदून गेली, त्या ठिकाणी आज्ञावलीने वळण घेतले आणि पुढचा दीड तास ती आधाररेषेवरूनच सरळ चालत राहिली. आकडे मिळाले, आलेखही निघाला, पण वादळ त्यात नव्हते. तेव्हापासून वादळाचे प्रत्येक पान मी पडद्यावर मोठे करून स्वतः टिंबे देत वाचले. एका पानाला पूर्ण दिवस जाई. कागदही सगळीकडे सारखा राहिलेला नसतो. एका तासाला सुमारे दीड सेंटीमीटर जागा मिळते, पण दमट हवेत शंभरावर वर्षे काढलेल्या पानाच्या डाव्या आणि उजव्या टोकाला हे अंतर सारखे भरत नाही. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाले की वेळ दोन मिनिटांनी सरकते. म्हणून संपूर्ण पानाला एकच मोजपट्टी न लावता मी लगतच्या दोन कालखुणांमधले अंतर प्रत्येक वेळी वेगळे मोजू लागले.

वेळेचीच सर्वांत मोठी चूक माझ्या हातून झाली. ३१ ऑक्टोबर १९०३ चे वादळ मी फार उत्सुकतेने हाती घेतले होते, कारण सौरडागांचे चक्र तेव्हा नुकतेच तळातून वर येत होते, म्हणजे सूर्य अजून बराचसा शांत होता, आणि तरीही हे वादळ अतितीव्र ठरले. अशा वादळाच्या आरंभी क्षेत्रात जी अचानक उडी येते, ती जगभरच्या वेधशाळांत जवळजवळ एकाच मिनिटाला उमटते. माझी उडी दुसऱ्या एका वेधशाळेच्या छापील नोंदीशी जुळेना. फरक भरला ३९ मिनिटांचा. दोन दिवस मी कागदाचे आकसणे, घड्याळाचे मागे पडणे अशी कारणे शोधली. शेवटी सरांनी विचारले, "अगं, १९०३ साली भारतीय प्रमाणवेळ होती का?" ती १९०६ मध्ये सुरू झाली. कुलाब्याच्या नोंदी मुंबईच्या स्थानिक वेळेत होत्या, म्हणजे ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, आणि मी मात्र सवयीने साडेपाच तास वजा केले होते. तोपर्यंत उतरवलेल्या अकरा वादळांच्या सगळ्या वेळा मला पुन्हा लावाव्या लागल्या.

त्यानंतर वेधशाळेच्या छापील तक्त्यांतील ताशी मूल्यांशी माझे आकडे ताडून पाहिले. इथेही पुष्कळ ठिकाणी तफावत निघाली, पण तिचे कारण लवकर सापडले. मी तासाभराची सरासरी काढत होते आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तक्त्यातले मूल्य तासाच्या ठोक्यावरचे होते. ठोक्यावरचे वाचन घेतल्यावर शांत दिवसांचे आकडे दोन-तीन नॅनोटेस्लांच्या आत जुळले. एकोणिसाव्या-विसाव्या शतकांच्या सांध्यावर कुणीतरी भिंग घेऊन तीच रेघ वाचली होती आणि माझे वाचन त्याच्याशी जुळत होते. त्या दिवशी वसतिगृहावर परतताना मला जेवणाचेही भान नव्हते.

सगळ्यांत अधिक वेळ मात्र न दिसणाऱ्या रेघेने घेतला. कागदावर रेघ किती गडद उमटेल, हे प्रकाशाचा ठिपका एका जागी किती रेंगाळला यावर ठरते. क्षेत्र सावकाश बदलत असेल तर रेघ काळी, ठसठशीत येते. वादळ ऐन भरात असताना आरसा इतक्या वेगाने फिरतो की ठिपका कागदाला जेमतेम स्पर्श करतो, रेघ आधी करडी होते, मग तुटक होते आणि मग दिसेनाशी होते. म्हणजे ज्या मिनिटांसाठी हा सारा खटाटोप, नेमकी तीच कागदावर सर्वांत पुसट असतात. एका पानावर अशी सुमारे चार मिलिमीटरची, म्हणजे सोळा मिनिटांची, जागा होती. प्रतिमेतील काळ्या-पांढऱ्याचे प्रमाण बदलून, रंग उलटे करून, निळा रंग वेगळा काढून मी तिच्याकडे पाहिले. काही क्षण खाली वळणारी फिकट छटा दिसल्यासारखी वाटे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती दिसत नसे.

दोन टोकांमध्ये गुळगुळीत वक्र टाकून ती जागा भरणे सहज शक्य होते. आलेख देखणा झाला असता. पण वादळाचा तळ त्या सोळा मिनिटांत असेल, तर माझा वक्र तो तळ नाहीसा करणार होता आणि माझ्यानंतर तो आकडा वापरणाऱ्याला ते कधीच कळले नसते. सरांशी दोन वेळा बोलणे झाले. शेवटी मी आकड्यांशेजारी आणखी एक रकाना केला आणि त्यात प्रत्येक टिंबासाठी "स्पष्ट", "पुसट" किंवा "दिसत नाही" असे लिहिले. त्या सोळा मिनिटांसमोर आकडा घातला नाही. घट किती, या प्रश्नापुढे "किमान एवढी, प्रत्यक्षात अधिक असू शकते" असे लिहून रेघ जिथे शेवटची स्पष्ट दिसते तिथले मूल्य दिले, आणि पानाची मूळ प्रतिमाही त्या तक्त्याबरोबर ठेवली. उद्या कुणी अधिक चांगल्या प्रकाशात तो कागद पुन्हा टिपला, तर नेमके कुठे पाहायचे हे त्याला पहिल्या रकान्यातल्या वेळांवरून सापडेल. त्या वेळा आता ग्रिनिचच्या आहेत आणि शेजारी कंसात मुंबईची स्थानिक वेळही लिहिलेली आहे.