तंजावर: चारशे जणींचे पत्ते

तंजावरच्या मोठ्या देवळाची सावली जमिनीवर पडत नाही, असं आमच्या गाइडने छातीठोकपणे सांगितलं. दुपारचे चार वाजले होते आणि आमचा सगळा घोळका त्याच सावलीत दाटीवाटीने उभा होता, कारण बाकीच्या फरशीवर अनवाणी पाय टेकवत नव्हता. मला मनापासून राग आला. जे देऊळ एक हजार वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभं आहे, त्याबद्दल थापा कशाला मारायच्या?

मग नेहमीप्रमाणे सगळे नंदीकडे धावले. नंदी प्रचंड आहे, देखणा आहे, पण तो हे देऊळ बांधणाऱ्या राजराज चोळाचा नाही. कित्येक शतकांनंतरच्या नायक राजांच्या काळातला आहे. अर्धा पाऊण तास फोटो, आणि ज्याने हे उभारलं त्याच्याविषयी दोन वाक्यं. मी घोळका सोडला.

चेन्नई, कांचीपुरम, चिदंबरम हे सगळं या प्रवासात झालं, छान झालं. लिहायचंय ते एका भिंतीबद्दल.

राजराजाचं मूळ नाव अरुळमोळी. थोरल्या भावाचा, आदित्य करिकालाचा, खून झाला. प्रजेला अरुळमोळीच हवा होता, पण चुलता उत्तम चोळाला गादीची इच्छा आहे तोवर आपण बसणार नाही म्हणून तो थांबला, असं चोळांचा तिरुवालंगाडू ताम्रपट सांगतो. इ.स. ९८५ ला गादीवर आला आणि १०१४ पर्यंत राहिला. केरळ, मदुरैचा पांड्य मुलूख, श्रीलंकेचा उत्तर भाग, मालदीव एवढा पसारा. राज्याच्या पंचविसाव्या वर्षी, म्हणजे १०१० साली, त्याने या विमानावर, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखरावर, चढवायला सोन्याने मढवलेला तांब्याचा कळस दिला. वर्षातला कितवा दिवस, तेही कोरलंय: २७५वा.

कोरलंय, हेच या माणसाचं वेगळेपण. देऊळ म्हणजे एक उघडी खतावणी आहे. त्याची आज्ञाच तशी होती: आम्ही दिलेलं, आमच्या आक्कांनी दिलेलं, आमच्या राण्यांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं सगळं दगडावर कोरा. आक्का म्हणजे थोरली बहीण कुंदवै. राण्यांच्या आधी तिचं नाव येतं, हे मला फार आवडलं.

मला लिपी येत नाही. ती वाचून दाखवली तंजावरच्याच एका निवृत्त तमिळ शिक्षकांनी. ओळखीच्या ओळखीतून गाठ पडली होती, आणि त्यांनी मला आवाराला वळसा घालून उत्तरेच्या भिंतीकडे नेलं, बाहेरच्या अंगाला. तिथे कोणीही नव्हतं. सर बोट दगडाला लावत नव्हते, वीतभर लांबून ओळीवरून फिरवत होते आणि हळू आवाजात वाचत होते. अक्षरं गोलसर, एकाला एक खेटून, कुठे दगडाचा कपचा उडालेला, तिथे सर थांबायचे आणि पुढच्या शब्दावर उडी मारायचे.

तो लेख देवळासाठी राज्यभरातून आणलेल्या चारशे नर्तकींचा आहे. ‘चारशे नर्तकी नेमल्या’ असं एका ओळीत लिहून भागलं असतं. त्याऐवजी प्रत्येकीचं नाव आहे, ती कुठल्या देवळातून आली ते आहे, आणि तंजावरात कोणत्या गल्लीच्या कोणत्या रांगेत कितव्या घरात राहते तेही आहे. एकीचं नाव नक्कन एडुत्तपादम. मग नक्कन अमुक, तिरुवारूरची. पुढचं घर, पुढची बाई. सर वाचत होते आणि मला अंगावर काटा येत होता. राजे, सेनापती, त्यांच्या पदव्या सगळीकडे असतात. अकराव्या शतकातल्या चारशे बायांचे राहते पत्ते मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाहीत.

प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम भात (कलम हे धान्याचं जुनं माप). एखादी वारली किंवा गाव सोडून गेली तर तिच्या जवळच्या नातलगाने ते काम करावं आणि वाटा घ्यावा. नातलग लायक नसेल तर त्याने लायक माणूस नेमावा. पुढे गायक, वादक, हिशेबनीस, शिंपी, न्हावी, कुंभार, परीट. नंदादीपाच्या तुपासाठी दिव्यामागे ९६ मेंढ्या गवळ्यांकडे सोपवलेल्या. देवळाचा पैसा गावांना साडेबारा टक्के व्याजाने दिलेला.

त्या बायकांना यायचं होतं का, हे मात्र भिंत सांगत नाही. मी सरांना तेच विचारलं. ते म्हणाले, “राजाने बोलावलं की यायचंच, अम्मा.”

आणि पैसा आला कुठून, तेही त्याने लपवलेलं नाही. केरळचे चेर आणि पांड्य यांना हरवून आणलेल्या ऐवजाची चांदीची भांडी. सत्याश्रयावर विजय मिळवून परतल्यावर वाहिलेली सोन्याची फुलं. हा सत्याश्रय कल्याणीचा चालुक्य, आपल्याकडच्या बऱ्याच मुलखाचा तेव्हाचा राजा. त्याच्या बाजूचा १००७ चा शिलालेख धारवाडकडच्या होट्टूरला आहे. चोळांच्या फौजेने बायका, पोरं, ब्राह्मण मारले, मुलूख उद्ध्वस्त केला, असं तो सांगतो. शत्रूचं म्हणणं म्हणून थोडं वजा करावं लागेल, पण सगळं नाही. श्रीलंकेतलं अनुराधपूरही राजराजाच्याच फौजांनी उद्ध्वस्त केलं. तोच राजा नागपट्टिनमच्या बौद्ध विहाराला आणैमंगलम गाव तोडून देतो. मला हा माणूस थोर वाटतो आणि त्याची भीतीही वाटते. देवळात उभं राहून दोन्ही एकदम वाटलं.

आवारातच नैर्ऋत्येच्या भिंतीवर देवनागरीत मराठी आहे. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेली भोसले घराण्याची बखर. तमिळच्या गर्दीत ओळखीची अक्षरं पाहून थबकायला झालं. आपल्या राजालाही इथे येऊन दगडावरच लिहावंसं वाटलं, हे राजराजाचंच देणं म्हणायला हवं.

सरांनी नंतर घरी नेऊन जेवू घातलं. पानावरचा भात संपला की त्यांच्या पत्नी न विचारता वाढत होत्या.

तुम्ही जाल तर सकाळी दार उघडताच जा, फरशी थंड असते. आणि गाइड ठरवण्याआधी एकच विचारा: उत्तरेच्या भिंतीवरचा नर्तकींचा लेख वाचून दाखवाल का? सावलीची गोष्ट सुरू झाली तर दुसरा बघा.