वाळवंटातली बाग आणि रात्रीचे पाहुणे

पहिल्या वर्षी मी टोमॅटो लावले, रोपं मस्त वाढली, फुलं पण भरपूर आली आणि मग सगळी गळून पडली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून अजून ओतत बसलो. खरं कारण ऊन! पारा ३५ अंशांच्या वर गेला की परागकण नीट काम करत नाहीत, मग फळ धरणार कुठून. आता वर शेडनेट आहे, आणि वाफे उंच न करता उलट जमिनीत खोल घेतलेत, कारण उंच वाफा इथे दोन दिवसांत कोरडाठाक.

पाण्यासाठी साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं, वर झाकण. माती सुकेल तसं ते झिरपतं. रोज थोडं थोडं शिंपडू नका, पाणी उडून जातं आणि वर क्षारांचा पांढरा थर उरतो.

ओल आली की पाहुणे येतातच. रात्री अतिनील टॉर्च मारला तर दगडाखालचा विंचू हिरवट निळा चमकतो, इतका सुंदर की क्षणभर भीतीच विसरायला होते (चप्पल मात्र झटकूनच घालतो हां). पाली, सरडे राहू दे, किडे खातात बिचारे.

आणि फड्या निवडुंगाची लाल बोंडं चिमट्यानेच तोडा. मोठे काटे दिसतात तरी, ती केसासारखी बारीक कुसळं दिसत पण नाहीत, माझ्या अंगठ्यात तीन दिवस होती.