४२९ कोटींची एक संख्या

सध्या मनात एकच संख्या घर करून बसली आहे: ४,२९,४९,६७,२९७. म्हणजे २ चा ३२ वा घात, अधिक १. आज तिच्यासाठी निवांत वेळ काढला.

३, ५, १७, २५७, ६५५३७. इथे २ चा घात १, २, ४, ८, १६ असा दुप्पट होत जातो आणि उत्तरात १ मिळवायचा. या पाचही मूळ संख्या; पुढच्याही तशाच निघतील असं सतराव्या शतकात फ्रेंच गणितज्ञ फर्माला वाटत होतं. सहावी हीच. १७३२ मध्ये स्विस गणितज्ञ ऑयलरने ती फोडली: ६४१ × ६७००४१७.

एवढ्या मोठ्या संख्येला इतका लहान भाजक! शिवाय तो शोधायला फार भटकावं लागत नाही. हिचा कुठलाही मूळ भाजक ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असतो, हे ऑयलरनेच दाखवलं. मग क्रमाने येतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवा थेट ६४१.

मला मात्र खरा आनंद देते ती भागाकार न करता दिलेली सिद्धता. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १. म्हणून ६४१ ने भागताना ५ × १२८ ची बाकी −१ धरता येते. १२८ हा २ चा सातवा घात. दोन्ही बाजूंचा चौथा घात घेतला की ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, बाकी १. आता ६४१ म्हणजे ६२५ + १६ सुद्धा, तेव्हा ६२५ च्या जागी −१६ ठेवायचे. १६ आणि २ चा २८ वा घात मिळून ३२ वा घात होतो. त्याची बाकी −१. त्यात १ मिळवला की शून्य. किती सुरेख!

दुसरा रस्ता वर्गांचा. ही संख्या ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग आहेच, पण ६२२६४ आणि २०४४९ यांच्या वर्गांची बेरीजही तीच. मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत एकाहून अधिक प्रकारे मांडता येत नाही, त्यामुळे इथेच निकाल लागतो. या दोन मांडण्यांतून भाजकही हाती येतो. ६५५३६ मधून ६२२६४ वजा केले: ३२७२. २०४४९ मध्ये १ मिळवला: २०४५०. या दोघांना ८१८ ने भाग जातो. उरतात ४ आणि २५. त्यांचे वर्ग १६ आणि ६२५, बेरीज ६४१.