टीएमटीच्या दारात उपाशी

अण्णा रोज पहाटे अजिंक्यतारा चढायचे. दिवाळीनंतर अर्ध्या वाटेत टेकायला लागले. "छाती आवळल्यागत हुतंय, जरा बसलं की राहतं," एवढंच सांगायचे. चढावर दुखतं आणि थांबलं की थांबतं, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा असू शकतो. पण झोपवून काढलेला ईसीजी नॉर्मल आला आणि घरात ॲसिडिटीवर शिक्कामोर्तब झालं. बसल्याजागी हृदयाला रक्त पुरत असेल तर ईसीजी स्वच्छ येऊ शकतो, हे आमच्या डॉक्टरांना माहीत होतं म्हणून बरं. टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीही ठीक निघाली, तेव्हा त्यांनी टीएमटी, म्हणजे ट्रेडमिल टेस्ट, लिहून दिली. पट्ट्यावर चालवत ईसीजी काढायचा.

तिथे आम्ही अडकलो. मशीन होतं, टेक्निशियन होता, डॉक्टर नव्हते. हृदयावर ताण द्यायचा तर डॉक्टर हजर हवेतच, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती सगळ्यांनाच सकाळी नऊची वेळ देणाऱ्या काउंटरबद्दल. तपासणीआधी दोन-तीन तास पोट रिकामं हवं आणि अण्णांना मधुमेह. विचारलं की एकच उत्तर, "येतीलच." दुपार झाली, अण्णांचे हात थरथरायला लागले. कँटीनमधून उपमा आणून भरवला. घास तोंडात असतानाच नाव पुकारलं.

"आजोबा, खाल्लंत का? मग उद्या या."

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर इमर्जन्सीत. शेवटी "डॉक्टर नक्की किती वाजता बसतात" हे ओपीडीतल्या सिस्टरकडून काढून घेतलं आणि त्याच वेळी गेलो. तुम्हीही काउंटरला नाही, सिस्टरना विचारा.

दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो. दुसऱ्याच टप्प्यात अण्णांनी हात वर केला. टीएमटी पॉझिटिव्ह, म्हणजे ताण पडला की हृदयाला रक्त कमी पडतंय अशी शंका. पुढची अँजिओग्राफी, म्हणजे नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या बघायची तपासणी, मनगटातून झाली, डावीकडच्या मोठ्या रक्तवाहिनीत ब्लॉकेज सापडलं, ती उघडी ठेवायला जाळीचा स्टेंट बसला. ते सगळं सुरळीत.

हो, टीएमटीला चपला नकोत, कॅनव्हासचे बूट न्या. बीपीच्या काही गोळ्या आधी बंद ठेवायला सांगतात, पण डॉक्टरांना विचारूनच. आणि बसल्याजागी छातीत दुखून घाम फुटला तर टीएमटीची वाट बघू नका, थेट १०८. अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या, न मागता नुसता कागद हातात ठेवतात.