करंट गेला की तांबट

आमच्या घरातली पक्ष्यांची वही म्हणजे मुळात मागाच्या हिशेबाची लांब वही. तारीख, कामगार, किती साड्या उतरल्या, उचल किती, असे रकाने मी रूळ धरून आखलेले होते. नवीन वर्षाची वही आणली तशी जुनीतली कोरी पानं माझ्या धाकट्या लेकीनं मागून घेतली आणि रकाने तसेच ठेवून वर आपल्या सोयीनं लिहिलं. ‘उचल’ मात्र तिनं बदललेलं नाही. त्या रकान्यात पक्ष्यानं चोचीत काय उचललं ते लिहितात.

आम्ही बेळगावात वडगावला राहतो. घरामागं मागाची शेड आणि शेडच्या मागं परडं. परड्यात पेरू, शेवगा, जास्वंदी, कढीपत्ता, एक बदामाचं रोप आणि धुण्याचा दगड. चार घरं ओलांडली की यळ्ळूरकडचं भाताचं शिवार सुरू होतं. म्हणजे पक्ष्यांची काही वाण नाही. वाण आहे ती शांततेची. माग चालू असताना शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तिथं शिंजिराची चिवचिव कुठली ऐकू येणार? त्यामुळं आमच्याकडं पक्षी आधी डोळ्यांनीच शिकावे लागले.

वहीचा एकच नियम आहे. पक्ष्याचं नाव सगळ्यांत शेवटच्या रकान्यात लिहायचं. त्याआधी कुठं बसला होता, काय करत होता, चोच कशी, शेपूट वर की खाली, एकटा की जोडीनं, हे सगळं भरायचं. हा नियम मी घातला कारण मोठ्या माणसांचं मी बघतो. ‘बुलबुल’ म्हटलं की मान दुसरीकडं. बुलबुलाच्या बुडाखाली लाल आहे की नाही ते कुणी बघत नाही.

नियमाचा फायदा पहिल्यांदा जास्वंदीवर दिसला. दसऱ्याच्या आसपास एक बारका पक्षी रोज फुलांवर यायचा. धाकटीनं लिहिलं: “पोट फिकट पिवळं. पाठ मातकट. चोच लांब, वाकडी. गळ्यात काळा टाय.” खाली चित्र, आणि टाय गळ्यापासून थेट पोटापर्यंत. घरातल्या सगळ्यांनी शिंजिराची मादी म्हणून सांगितलं. ती ऐकेना. “मादीला टाय कशाला असतोय? मी नीट बघितलो.” तिचं बरोबर होतं. जांभळ्या शिंजिराचा नर विणीचा हंगाम सरला की झगमगता काळा-निळा पिसारा टाकतो आणि बराचसा मादीसारखा दिसायला लागतो. राहते ती मधोमध उतरणारी काळी पट्टी. फेब्रुवारीच्या सुमाराला त्याच जास्वंदीवरच्या पक्ष्यावर काळे-निळे डाग वाढत गेले. मार्चमध्ये तो उन्हात चमकणारा काळा झाला तेव्हा शेवटचा रकाना भरला गेला. आपल्याकडं परड्यात येणारी शिंजिराची दुसरी जात, जांभळा गळा आणि पिवळं पोट असलेली, तिचा नर बाराही महिने तसाच राहतो. पहिल्या दिवशीच कुणी ‘शिंजीर’ म्हणून मोकळं झालं असतं तर ते पान दोन ओळींत संपलं असतं.

आता कानाचं. करंट गेला की चारही माग एकदम थांबतात. आम्हाला तो खाडा, पण धाकटी वही घेऊन परड्यात पळते. पहिला आवाज हमखास तांबटाचा. टुक, टुक, टुक, एका लयीत, न थकता. तो सापडायला मात्र अवघड. आवाज कधी डावीकडून येतो असं वाटतं, कधी उजवीकडून, कारण बोलताना तो मान फिरवत राहतो. शेवग्याच्या वाळक्या फांदीवर तो एकदा पुरता दिसला. चिमणीहून थोडा थोराड, हिरवा, कपाळ आणि छातीवर लाल, डोळ्याभोवती पिवळं. चोच मिटलेलीच, आणि प्रत्येक ‘टुक’ला गळा फुगत होता. तोंड न उघडता ओरडतो म्हटल्यावर धाकटीनं शेजारी बसलेल्या आज्जीला लगेच करून दाखवायला लावलं.

फोनवर मर्लिन नावाचं ॲप आहे, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेचं. आवाज ऐकवला की ते पक्षी सुचवतं. चांगलं आहे, पण आमच्याकडं ते चित्र काढून झाल्यावरच उघडायचं. आणि माग चालू असताना त्याचा काही उपयोगही नाही.

पावसाळ्याच्या सुरुवातीला बदामाच्या रोपाचं एक पान उलटं वळलेलं दिसलं. शेडच्या खिडकीतून हातभर अंतरावर. शिंपी पक्ष्याचं घरटं. शेपूट उभी धरून हिंडणारा, डोक्यावर विटकरी टोपी असलेला हा पक्षी अंगानं एवढासा आणि आवाजानं घर डोक्यावर घेणारा. मादी चोचीनं पानाच्या कडेला बारीक भोक पाडते आणि त्यातून कापसाचा, कोळ्याच्या जाळ्याचा नाहीतर सालीचा तंतू ओढून घेते. आम्ही धागेवाले, त्यामुळं ती शिलाई बघायला शेडमधले सगळे खिडकीशी आले. गाठ कुठंच नव्हती. प्रत्येक टाका वेगळा, आणि भोकाबाहेर आलेलं धाग्याचं टोक पिंजून फुगलेलं, म्हणून ते मागं सरकत नव्हतं. आमच्या मागावरचा सगळ्यात जुना माणूस म्हणाला, गाठ न मारता धागा धरणं आपल्याला जमत नाही. त्यात दोन टाके नारिंगी होते. त्या आठवड्यात मागावर नारिंगी काठाची साडी होती, आणि आमचीच कातरण तिथं गेली होती.

धाकटीला आनंद झाला. मला धास्ती वाटली. कापूस कुजतो, तुटतो. पण आमचं सूत पॉलिस्टरचं, पिल्लाच्या पायाला वेढा पडला तर ते काही केल्या तुटत नाही. तेव्हापासून परड्यात उडून आलेले धागे रोज संध्याकाळी गोळा करून पोत्यात भरायचं काम तिच्याकडं आहे. त्या जागी ती शेवरीचा थोडा कापूस पेरूच्या बेचक्यात ठेवते. तो कोण नेतं याच्या नोंदी वेगळ्या. घरट्याला हात लावायचा नाही, वाकून बघायचंही नाही, फक्त खिडकीतून. अंडी साधारण बारा दिवसांत फुटतात, तेवढे दिवस ती खिडकी पुसायलासुद्धा मनाई होती.

मोजणी हा वेगळाच प्रकार. फेब्रुवारीत चार दिवस जगभर लोक आपल्या अंगणातले पक्षी मोजतात. ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट म्हणतात त्याला. १९९८ साली अमेरिकेत सुरू झालं आणि २०१३ पासून भारतातही होतं. निदान पंधरा मिनिटं एका जागी बसायचं. लहान मुलाला हे बरोबर जमतं, अडचण एकच. एकच साळुंकी पाच वेळा आली की पाच साळुंक्या होतात. त्यावर आमचा उपाय असा, की एका वेळी एकदम जास्तीत जास्त जेवढ्या दिसल्या तेवढ्याच धरायच्या. आकडा एकदम घटला तेव्हा धाकटी रुसली होती. दुर्बीण घेऊ का म्हणून विचारणाऱ्यांना मी सांगतो, वर्षभर थांबा. जड दुर्बीण मुलाच्या हातात हलते आणि पक्षी उडून जातो.

इचलकरंजीला माझा चुलतभाऊ आहे, त्याचेही माग. त्याचा मुलगा धाकटीच्याच वयाचा. सुट्टीत आला तेव्हा वही बघून म्हणाला, “आमचा राज्यपक्षी हरियल. तुमचा कुठला?” धाकटीनं शाळेत घोकलेलं होतं. नीलकंठ. मग दोघांचं ठरलं, आपापला पक्षी आधी कोण बघतो ते. पक्ष्यांना सीमा नसते वगैरे मी इथं लिहिणार नाही, ते वाक्य आमच्या गावात भाषणांमधून फार वापरून झालंय. पण झालं ते असं. यळ्ळूरच्या रस्त्यावर पिकल्या फळांचा एक पिंपळ होता. त्यात पानं हलत होती आणि पक्षी दिसत नव्हता. बराच वेळ मान मोडून बघितल्यावर आधी पिवळे पाय दिसले, मग पोपटी-राखी अंग, मग कळलं की अख्खं झाड हरियलांनी भरलंय. धाकटीनं फोन लावून घेतला. “तुमचा पक्षी आमच्याकडं जेवायला आलाय!”

नीलकंठ काही अजून मिळालेला नाही. मागावर काम करणारा एकजण धामण्याहून सायकलनं येतो. गेल्या आठवड्यात त्यानं आल्या आल्या सांगितलं, मसुराच्या रानात तारेवर बसलेला निळा पक्षी बघितलो, तुझा नीलकंठच. धाकटी वही घेऊनच आली.

“चोच कसली होती, मामा?”

“चोच कोण बघतंय गं? निळा होता.”

“खंड्या पण निळा असतोय. छाती पांढरी होती काय?”

मामांना आठवेना. नीलकंठाची चोच काळपट आणि छाती तपकिरी, खंड्याची चोच मोठी लाल आणि छाती पांढरी, असं तिनं त्यांना मागाशेजारी उभं राहून ओरडून समजावलं. नाव लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मामांनी सायकल लावायच्या आधीच हाक मारली, “लाल हाय. चोच लाल. आणि छाती पांढरीफेक.”

वहीत खंड्या चढला. कुठं बसला होता त्या रकान्यात ‘तारेवर’, आणि कुणी बघितला तिथं मामांचं नाव.