सुरूच्या बनात घोड्याचं शेपूट

ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा करत दिवेआगरला पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. काकूंच्या घरी दरवर्षी उतरतो, त्यामुळे पिशवी पडवीत टाकली आणि चहाचीही वाट न बघता पुळणीकडे निघालो. आधी पोफळीच्या वाड्या, मग सुरूचं बन, मग समुद्र. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने इथल्या वाड्यांची जी दैना केली, ती अजून पूर्ण भरून आलेली नाही. मधूनच एखादी वाडी अचानक उघडी पडते आणि नको तेवढं आकाश दिसतं.

सुरूच्या बनात लहानपणी आम्ही एक खेळ खेळायचो. खाली पडलेली हिरवी काडी उचलायची, एका सांध्यात ओढून तोडायची, परत तशीच बसवायची आणि समोरच्याला विचारायचं, 'कुठे जोडलंय सांग!' सांगता यायचं नाही. या वेळी खिशात भिंग होतं, म्हणून तोच खेळ जरा मोठेपणी खेळलो. काडीच्या प्रत्येक पेऱ्यावर बारीक दातांचं कडं असतं. माझ्या काडीवर सात दात मोजले. ती सुरूची खरी पानं. आपण ज्याला पान म्हणतो ती हिरवी सुई म्हणजे डहाळी, आणि अन्न तयार करायचं काम तीच करते.

सुरूचं शास्त्रीय नाव कॅज्युअरिना इक्विसेटिफोलिया. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने ते १७५९ मध्ये दिलं. पहिला शब्द कॅसोवरी पक्ष्याच्या लोंबत्या पिसांवरून आलेला, दुसऱ्याचा अर्थ 'इक्विसेटमसारख्या पानांचा'. इक्विसेटम म्हणजे हॉर्सटेल, 'घोड्याचं शेपूट' नावाची वनस्पती. लॅटिनमध्ये इक्वस घोडा आणि सेटा म्हणजे राठ केस. हे नाव पाठ होतं, पण घोडा काही कधी शेजारी उभा करून पाहिला नव्हता.

तो काकूंच्याच अंगणात निघाला. चहाचा कप घेऊन ओट्यावर बसलो तर विहिरीकडच्या कोपऱ्यात कुंडीभर हिरव्या सरळ नळ्या, दर पेऱ्यावर काळं कडं. "बुटका बांबू आहे," काकू म्हणाल्या. "गेल्या वर्षी नर्सरीतनं आणला. पाणी मात्र ढोसतो हो!" बांबू कसला! एक नळी पेऱ्यात ओढली, टक्‌ करून सुटली. आत पोकळ. खिशातली सुरूची काडी शेजारी धरली. तशाच उभ्या रेघा, तेच सांधे, तेच दातांचं कडं. लिनियसला दोष देता येणार नाही.

आणि तरी दोघांचं नातं जवळपास शून्य. सुरूला फुलं येतात, बी धरतं, आणि मुळांवरच्या गाठींत फ्रँकिया नावाचे जीवाणू हवेतला नायट्रोजन पकडून देतात. म्हणून तर तो नुसत्या वाळूत उभा राहतो. हॉर्सटेलला फूल नाही, बी नाही, फळ नाही. जगात त्याच्या जेमतेम पंधरा-वीस जाती उरल्यात, सगळ्या या एकाच कुळातल्या. तीस कोटी वर्षांपूर्वी त्याचे भाऊबंद, कॅलॅमाइट्स, दलदलीत माडासारखे उंच वाढत होते. युरोप-अमेरिकेच्या दगडी कोळशात ते सापडतात. सकाळी ज्या काळ्या कातळातून घाट उतरलो तो साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. म्हणजे सह्याद्री या कुंडीपुढे पोरच.

एका नळीच्या टोकाला बोंडासारखा छोटा शंकू होता. मोबाइलच्या काळ्या काचेवर तो झटकला. हिरवट धूळ पडली. ते बीजाणू. प्रत्येकाला चार पट्ट्या असतात; दमट हवेत गुंडाळतात, कोरडी झाली की उलगडतात. भिंग लावून हलकेच फुंकर घातली, श्वासाच्या दमटपणाने धूळ आक्रसली आणि क्षणभराने चक्क चुळबुळायला लागली. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलंय की या पट्ट्यांच्या जोरावर बीजाणू चालतात, उड्याही मारतात. काकूंना भिंग दिलं. "ढेकणासारखं काहीतरी वळवळतंय," एवढाच शेरा मिळाला.

त्यांना पटलं ते वेगळंच. हॉर्सटेलच्या सालीत सिलिका, म्हणजे वाळूचाच अंश, ठासून भरलेला असतो. युरोपात त्याने भांडी घासत, जपानात आजही लाकूड घोटतात. काकूंचा चिंच आणि राख सोडून कशावर विश्वास नाही, तरी चार नळ्या चेचून, ओल्या करून पितळी तांब्याच्या काळ्या बुडावर घासल्या. बोटांना काचकागदासारखी खरखर लागत होती. दोनेक मिनिटांत रुपयाएवढा पिवळाधमक डाग निघाला. काकूंनी तांब्या उन्हात धरून फिरवून पाहिला. "मग पाटाशेजारी जमिनीतच लावते की! ओल भरपूर आहे."

"काकू, ते तेवढं नका करू," मी म्हटलं. याचं मूळखोड जमिनीखाली पसरत जातं. वरून कितीही उपटा, खाली राहिलेल्या तुकड्यातून परत उगवतं. परदेशात शेतकरी याच्या काही जातींपुढे हात टेकतात. कुंडीत आहे तोवर बरं.

काकू काही बोलल्या नाहीत. उठून कुंडी दोन्ही हातांनी हलवायला गेल्या, ती हलेना. मीही हात लावला. कुंडी कर्रकन तिरकी झाली आणि बुडाच्या भोकातून मातीत शिरलेला काळा, करंगळीएवढा धागा ताणला गेला. तीन हात पलीकडे, केळीच्या आळ्यात, काळ्या कड्यांच्या दोन कोवळ्या नळ्या उभ्या होत्या.

"थांब, कोयता आणते," काकू म्हणाल्या.