जुन्या गाडीचा कॅटकॉन: आधी तो कशानं गेला ते शोधा

स्कॅनरवर पी ०४२० (कॅटकॉन नीट काम करत नसल्याचा कोड) दिसला की नवा कॅटकॉन, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मागवायची घाई होते. पण कॅटकॉन सहसा आपल्या मरणानं मरत नाही, त्याला इंजिन मारतं. मिसफायर होत असेल, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसेल, तर न जळलेलं पेट्रोल आत जाऊन जळतं आणि सिरॅमिकची जाळी वितळते. इंजिन ऑइल खात असेल तर ऑइलमधलं फॉस्फरस प्लॅटिनम-पॅलेडियमच्या थरावर बसून तो झाकून टाकतं. हेड गॅस्केटमधून (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) कूलंट जात असेल तरी गत तीच. हे दुरुस्त न करता बसवलेला नवा कॅटकॉनही त्याच वाटेनं जाणार.

थंड इंजिन सुरू करून एक्झॉस्टच्या जॉइंटांवर कान द्या. कॅटकॉनच्या आधी एक आणि नंतर एक ऑक्सिजन सेन्सर असतो; पुढच्या (इंजिनकडच्या) सेन्सरपाशी फट असेल तर तिथून बाहेरची हवा ओढली जाते आणि रीडिंग खोटं येतं. मग इंजिन पूर्ण तापवून २५०० आरपीएमवर धरा. जुन्या गाड्यांतला साधा पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वरखाली होतो, मागचा ०.६-०.७ च्या आसपास शांत हवा. मागचाही पुढच्यासारखाच नाचू लागला, तर कॅटकॉन संपला. गाडी ओढत नसेल तर पुढचा सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावा. २५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या वर दाब म्हणजे वाट तुंबली आहे.

काढताना खरा त्रास गंजलेल्या स्टडचा. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नट हलेना तर जोर लावू नका. थोडं घट्ट, थोडं सैल असं करत आणा, नाहीतर टॉर्चनं नट तापवा (पेट्रोलच्या पायपांपासून दूर). स्टड मॅनिफोल्डमध्ये तुटला तर ड्रिल करून काढण्यात अख्खा दिवस जातो. सेन्सर बहुधा २२ मिमीच्या, वायरसाठी चिरलेल्या गोटीनं (सॉकेटनं) निघतो. गाडी स्टँडवरच हवी, नुसत्या जॅकवर नाही. जुनी जाळी फुटलेली असेल तर मास्क लावा, आणि तिचे तुकडे पुढे सायलेन्सरमध्ये अडकलेत का तेही पाहा. तो तुंबलेला राहिला तर नवा कॅटकॉन बसवूनही गाडी ओढणार नाही.

बसवताना गॅस्केट आणि नट नवेच घ्या. कॅटकॉनवरचा बाण इंजिनकडून सायलेन्सरकडे हवा. सगळे जॉइंट आधी सैल जोडा, हँगर (पाइप लटकवणारे रबर) बसवा, मग इंजिनच्या बाजूनं आवळत या. उलट केलंत तर पाइप ताणात राहतो आणि पुढे वेल्डवर चिरतो. अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) सेन्सरच्या फक्त आट्यांना, टोकाला अजिबात नको. सिलिकॉन सीलंटही नको, त्याच्या वाफेनं सेन्सर बिघडतो. वेल्डिंग लागलंच तर बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि वेल्डिंगचा अर्थिंग क्लॅम्प वेल्डजवळच लावा.

पहिल्यांदा तापताना थोडा धूर नि वास येतो, तो हाताच्या तेलकट डागांचा. गार झाल्यावर नट पुन्हा आवळा. कोड पुसल्यावर लगेच ‘चेक इंजिन’चा दिवा गेला म्हणून काम झालं असं धरू नका. स्कॅनरमध्ये कॅटॅलिस्ट मॉनिटर (गाडी स्वतः करते ती कॅटकॉनची तपासणी) ‘पूर्ण’ दाखवेपर्यंत गाडी चालवावी लागते.